लोण्याचा वास

सासऱ्यांची इझ प्लॅनेटा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.
टाकीचा हिरवा रंग त्यांच्या गुडघ्यांनी खाल्लेला.
किक मारली की ती आधी खोकते, मग विचार करते,
मग एकदम अशी सुसाट रेस घेते
की बांधलेली घोडी खुंट्यासकट मागे सरते.

'हवा खातंय,' सासू म्हणाली.
बुरुलने जन्मात पाना हातात धरला नव्हता,
पण चाळीस उन्हाळे ती ह्या कुरणावर
हाच आवाज ओळखून चहाला आधण ठेवत आली.

सांध्यावर चमचाभर पेट्रोल थेंबथेंब सोडलं.
इंजिनाचा सूर खाली बसला. म्हणजे फट तिथेच:
सिलिंडर आणि कार्बोरेटर यांच्यामधलं गॅस्केट
चहात पडलेल्या बिस्किटासारखं.

आज बुधवार.
शुक्रवारी रात्री आठला एसेन फोन लावतो,
नोवोसिबिर्स्कच्या गोदामातून, पाळी बदलताना.
रेंज फक्त खिंडीत, तीही दगडाला पाठ टेकून उभं राहिलं तर.
खिंड एकवीस किलोमीटर. घोडी गाभण.
अत-बाशीच्या बाजारात गॅस्केट मिळतं म्हणे,
पण बाजाराला जायला गाडी लागते.

मग सगळं उलगडलं नमद्यावर.
पितळी फ्लोट कानाशी हलवला, आत खळखळ.
समोवारातल्या कढत पाण्यात बुडवला तर
शिवणीतून एकेक बुडबुडा, चहाडी करावी तसा.
आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबले,
मुक्या रेडिओच्या पोटातलं कथील तापल्या खिळ्यावर घेतलं, डाग दिला.
जास्त झालं.
जड फ्लोट म्हणजे पेट्रोलचा पूर,
म्हणून तासत बसले, ऊन डोंगराआड जाईपर्यंत.

जेटमध्ये तार घालायची नाही, सासरे सांगायचे.
तारेने भोक मोठं होतं,
आणि मोठं झालेलं भोक पुन्हा कुणाचं ऐकत नाही.
मी घोडीच्या शेपटीचा केस घातला.
तिने वळून पाहिलं फक्त.

उरलं गॅस्केट.
नमद्याचं कापलं: नमदा हवा गाळतो, अडवत नाही.
पुठ्ठ्याचं कापलं: पहिल्याच गरमीत कोळसा.
मग नजर गेली मलई काढायच्या यंत्राकडे,
त्याच्या भांड्याखालच्या रबरी कड्याकडे.
सासू दूध काढायला गेली होती.

इंजिन लागलं, अगदी शहाण्यासारखं.
रात्रभर मात्र ते रबर पेट्रोल पीत राहिलं.
सकाळी बघते तर माशी चावलेल्या ओठासारखं सुजून फटीबाहेर.
ना गाडीला बसे, ना यंत्राला.
बाहेर पंधरा लिटर दूध झाकून ठेवलेलं.

सासू काही बोलली नाही. तेच वाईट.
दुपारी ती सासऱ्यांचं खोगीर घेऊन आली,
ज्याला तीन वर्षं कुणी, मीसुद्धा, हात लावला नव्हता.
बाजूची पडदी उलटवली, सुरी लावली,
तळहाताएवढं कातडं काढलं,
त्यावर कपड्यांचा साबण आणि मेंढीची चरबी चोळत म्हणाली,
'भोकं तू पाडतेस की मी पाडू?'

शुक्रवार. खिंड. आठला सात मिनिटं कमी.
एसेनने विचारलं, सगळं ठीक?
मी फोन इंजिनाजवळ धरला.
तो ऐकत राहिला. माझं इतकं कधी ऐकलं नाही त्याने.
मग म्हणाला, सुई एक खाच खाली घे, वर हवा विरळ.
म्हटलं, घेतली केव्हाच.
पुढे त्याचे पैसे संपेपर्यंत
आमच्यातली तीच एकटी बोलत होती.

कडं दोरीवर टांगलं होतं, मोज्यांशेजारी.
आठवड्याने आकसून जवळजवळ पूर्वीएवढं झालं,
यंत्राला बसलं, मलई निघाली.
पण त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या लोण्याला
पेट्रोलचा पुसटसा वास.
अत-बाशीच्या दुकानदाराने दोन डबे परत पाठवले.
एक एसेनकडे गेला, ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर.
पोचला का, अजून कळलं नाही.

सासू मात्र पावावर जाड थर लावते,
आणि खाण्याआधी, आपण बघत नाही असं वाटलं की,
जरा वेळ
नाकाशी धरते.